एमएच ०९ गाडी निपाणीच्या माणसाला विकायची आहे. एनओसी, बोजा, कर आणि नावबदल नक्की कोणत्या क्रमानं?

मंगळवारपेठकर

नमस्कार मंडळी. २०१८ ची पेट्रोल गाडी आहे, नोंदणी कोल्हापूर आरटीओची, मालक मी एकटाच. बँकेचं कर्ज फिटलंय, पण आरसीवर बोजा अजून तसाच दिसतो. सीएनजी किट मागाहून बाहेर बसवलेलं आहे. गिऱ्हाईक निपाणीचं, सौदा ४ लाख ४० हजाराला ठरलाय. त्याचं म्हणणं, "अडीच लाख रोख घ्या, उरलेले खात्यावर टाकतो, २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या करा आणि गाडी द्या. पुढचं आमचा एजंट बघतो."

कर्नाटकात गाडी गेली की पुढं काय होतं ते कळत नाही. एनओसी (आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र) मी काढायची की त्यानं? कर कुणी भरायचा? आणि गाडी नेल्यावर माझ्या नावावर किती दिवस राहणार? जाणकारांनी नीट सांगावं.

फाईलवाला_कोल्हापूर

दादा, आधी एक सांगतो. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी देऊ नका, मग माणूस कितीही ओळखीचा असू दे. एजंटच्या पिशवीत असे सह्या केलेले फॉर्म महिनोन्‌महिने पडून असतात. मधल्या काळात गाडी तिसऱ्याला, चौथ्याला विकली जाते आणि आरसीवर नाव तुमचंच राहतं. मोटार वाहन कायद्याच्या लेखी ज्याच्या नावावर नोंद तो मालक. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात हेच ठरवलं. त्यातली गाडी २००७ मध्ये विकलेली होती, पुढं हातोहात फिरली, २००९ मध्ये तिचा अपघात झाला आणि भरपाई नोंदीवर नाव असलेल्या मूळ मालकावर आली. तेव्हा पैसे मिळाले म्हणजे विषय संपला असं धरू नका.

आता क्रम. एनओसी तुम्हीच काढायची, कारण अर्ज नोंदणीकृत मालकाच्या नावानं आणि आधारच्या ओटीपीवर होतो. पण अर्जाला हात घालण्याआधी गाडीची नोंद साफ करून घ्या. एनओसी अडते ती बहुतेक वेळा इथंच.

पहिला बोजा. कर्ज फिटलं म्हणून आरसीवरची नोंद आपोआप जात नाही. बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ च्या दोन प्रती लागतात, दोन्हीवर बँकेचा शिक्का आणि अधिकाऱ्याची सही हवी. पत्राची तारीख बघा. बऱ्याच बँका पत्रावरच ९० दिवसांची मुदत छापतात. ती उलटली असेल तर नवं पत्र मागावं लागतं, जुनं खिडकीवर चालत नाही. बोजा उतरल्यावर परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीची माहिती उघडा आणि वित्तपुरवठादाराचा रकाना खरंच रिकामा झालाय का ते डोळ्यानं बघा. नुसत्या पावतीवर विसंबू नका.

दुसरं सीएनजी किट. आरसीवर इंधन "पेट्रोल/सीएनजी" असं आहे का? नुसतं "पेट्रोल" असेल आणि डिकीत टाकी असेल, तर चिकोडीत, म्हणजे निपाणीच्या आरटीओत, तपासणीला गाडी परत पाठवतील. आधी इथं किटची नोंद करून घ्या. टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, दर ३ वर्षांनी लागते, तिचा दाखला आणि टाकीवरचा नंबर जुळला पाहिजे.

तिसरी नंबरप्लेट. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी आहे, म्हणजे उच्च सुरक्षा प्लेट तुम्हाला वेगळी बसवून घ्यावी लागली असणार. नसेल बसवली तर आरटीओचं काम तिथंच थांबतं. "निपाणीला गेल्यावर नवी प्लेट बसणारच आहे, मग इथं कशाला खर्च?" असा प्रश्न बरेच जण विचारतात, पण प्लेटशिवाय इथली फाईलच पुढं सरकत नाही.

आणि ई-चलन. फक्त कोल्हापूर शहराचं नाही, पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावरच्या कॅमेऱ्याचंही बघा. गाडीचा नंबर आणि चासी नंबरचे शेवटचे आकडे टाकले की सगळी यादी येते.

एवढं झालं की फॉर्म २८, म्हणजे एनओसीचा अर्ज. मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, पॅन, पत्त्याचा पुरावा, चासी नंबरचा ठसा आणि गाडी चोरीची नाही असा एनसीआरबीचा (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा) अहवाल. फॉर्म २८ च्या चार प्रती काढून ठेवा, कुठल्या टेबलावर किती मागतील याचा भरवसा नाही.

सगळ्यात जास्त चुकतं ते यात: एनओसी "कर्नाटकासाठी" अशी मिळत नाही, ती एका ठरावीक आरटीओच्या नावानं निघते. निपाणीचा पत्ता चिकोडी आरटीओकडं येतो, म्हणजे केए २३. बेळगाव केए २२ आणि गोकाक केए ४९. "निपाणी म्हणजे बेळगाव जिल्हाच की" असं धरून कुणी केए २२ टाकलं, की चिकोडीला फाईल उघडतच नाही. मग एनओसी रद्द करून पुन्हा पहिल्यापासून. गिऱ्हाइकाच्या आधारवरचा पत्ता आधी मागून घ्या आणि तो बघूनच आरटीओ निवडा.

एनओसीची मुदत ६ महिने.

ठसा_नीट_घ्या

वरचा क्रम बरोबर आहे. चासीच्या ठशाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण खराब ठशानं फाईल परत येते आणि माणसाचा अख्खा दिवस जातो.

चासी नंबर काही गाड्यांत बॉनेट उघडल्यावर मागच्या पत्र्यावर कोरलेला असतो, काहींत पुढच्या डाव्या सीटखाली गालिच्याचा तुकडा उचलला की दिसतो. रिव्हेट मारलेली वेगळी पट्टी असते तिचा ठसा घेऊ नका, पत्र्यावर कोरलेल्या नंबरचाच घ्या. पेट्रोलमध्ये भिजवलेल्या फडक्यानं धूळ-तेल पुसा आणि पूर्ण सुकू द्या. ओलसर राहिलं तर कागद काळपट होतो आणि अक्षर फुटतं. पातळ पांढरा कागद ताणून दोन्ही बाजूंनी टेपनं चिकटवा, म्हणजे घासताना हलणार नाही. मऊ शिशाची पेन्सिल आडवी धरा आणि एकाच दिशेनं हलकं घासा. टोकानं गिरवलं तर आरटीओत लगेच ओळखतात. शेवटी ठशावरून पारदर्शक टेप फिरवा, नाहीतर घडी घातल्यावर शिसं पुसतं. असे पाच-सहा ठसे एकदमच काढा. इथल्या फाईलला लागतात, चिकोडीच्या फॉर्मवर पुन्हा लागतात, आणि तेव्हा गाडी तुमच्या दारात नसते.

मग आरसी समोर ठेवून एकेक अक्षर जुळवा. एकूण १७ अक्षरं-आकडे असतात आणि त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही तीन अक्षरं कधीच येत नाहीत, एक आणि शून्याशी गोंधळ नको म्हणून ती वगळलेली आहेत. आरसीवर कुठं "ओ" दिसला तर ती नोंदीतली चूक आहे, तिथं शून्य हवा. ती दुरुस्ती कोल्हापुरातच होते. एनओसी निघाली की नोंद पुढच्या आरटीओकडं जाते आणि मग एका अक्षरासाठी दोन राज्यांत हेलपाटे सुरू होतात. इंजिन नंबरचंही तसंच, इंजिन कधी बदललं असेल तर त्याची नोंद आधी हवी.

आरसीवरचं नाव आणि आधारवरचं नावही सारखं आहे का बघा. एकीकडं वडिलांचं नाव पूर्ण आणि दुसरीकडं नुसतं आद्याक्षर असलं तरी ऑनलाइन पडताळणी फसते.

चिकोडीरोड

पलीकडच्या बाजूचं मी लिहितो.

गिऱ्हाइकाला चिकोडीला दोन कामं एकत्र करावी लागतात: मालकी बदल आणि नवा केए नंबर. मालकी बदलाला फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, नव्या नंबरला फॉर्म २७. सोबत तुमची मूळ एनओसी, मूळ आरसी, विमा, पीयूसी, दोघांची ओळखपत्रं आणि गाडीचं मूळ बीजक. बीजक हरवलं असेल तर ज्या शोरूमातून गाडी घेतली तिथून शिक्क्याची प्रत आत्ताच मागवून ठेवा. गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते.

पैसे जातात ते करात. मालकी बदलाची फी काहीशे रुपयांतच असते, पण कर्नाटकचा आजीवन कर मोठा आहे. मोटारींना किमतीच्या टप्प्यानुसार १३ ते १८ टक्के आणि वर उपकर. आणि ही किंमत म्हणजे गाडी नवी असतानाची, तुमच्या सौद्याची नव्हे. समजा बीजक ७ लाखांचं आहे. ५ ते १० लाखांच्या टप्प्याला १४ टक्के, म्हणजे नव्या गाडीला ९८ हजार होतात. जुन्या गाडीला वयानुसार त्यातला काही हिस्साच भरायचा असतो, तरी रक्कम हजारांत दमदार येते. करारात "४ लाख ४० हजारांत करही धरलाय" असं चुकूनही लिहू देऊ नका. कर घेणाऱ्यानं भरायचा, हे स्पष्ट शब्दांत लिहा.

सीमाभागातल्या बऱ्याच गाड्या एमएच नंबरवरच वर्षानुवर्षं फिरतात त्या या करामुळंच. कायद्यानं दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. "वर्षभर सवलत आहे, बघू नंतर" असं कुणी म्हणत असेल तर ती सवलत स्वतःची गाडी घेऊन राहायला गेलेल्या माणसाला आहे. विकलेल्या गाडीच्या नावबदलाला घेणाऱ्याकडं ३० दिवसच असतात.

तुम्ही महाराष्ट्रात भरलेल्या एकरकमी करातला काही भाग परत मिळू शकतो. किती, ते नोंदणीला किती वर्षं झाली त्यावर ठरतं. पण अर्जाला नव्या केए आरसीची प्रत लागते, म्हणजे गिऱ्हाइकानं ती पाठवली तरच. परतावा कुणाचा, तेही सौद्यातच ठरवा आणि लिहा. मागाहून यावर फोन उचलणं बंद होतं.

विमा_आणि_फास्टॅग

दोन गोष्टी राहिल्या.

विमा. गाडी विकली की तिसऱ्या पक्षाचा विमा कायद्यानं घेणाऱ्याकडं गेला असं मानलं जातं, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग नाही. घेणाऱ्यानं १४ दिवसांत कंपनीकडं अर्ज करून पॉलिसी नावावर करून घ्यायची असते. न केल्यास गाडी ठोकली तर दुरुस्तीचे पैसे ना तुम्हाला मिळतात ना त्याला. आणि तुमचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर जाऊ देऊ नका, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. विक्रीचा कागद देऊन कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचं पत्र घ्या, ते ३ वर्षं चालतं. पाच वर्षं दावा नसेल तर ५० टक्के असतो, पुढच्या गाडीच्या हप्त्यात तो भरपूर वाचवतो.

फास्टॅग काचेवरून खरवडून काढा आणि ज्या बँकेचा आहे तिथं बंद करून अनामत परत मागा. नुसता काढून टाकू नका, खातं चालू राहतं. टॅग तसाच ठेवून गाडी दिली तर कोगनोळी नाक्यावरचा टोल तुमच्या खात्यातून जात राहील, आणि एका गाडीला एकच टॅग चालत असल्यानं त्या बिचाऱ्यालाही नवा काढता येणार नाही.

मंगळवारपेठकर

फार उपयोग झाला, मनापासून आभार. किटची नोंद आरसीवर नाही हे आत्ता बघितलं, आधी ते करतो. दोन शंका. एनओसी निघायला वेळ लागणार आणि गिऱ्हाईक थांबायला तयार नाही, तर गाडी कधी द्यायची? आणि रोख रकमेचं काय?

फाईलवाला_कोल्हापूर

रोख अडीच लाख घेऊ नका. प्राप्तिकर कायद्यात एका व्यवहारापोटी २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. दोन दिवसांत सव्वा-सव्वा लाख करून घेतले तरी व्यवहार एकच धरतात. दंड घेतलेल्या रकमेइतका, आणि तो देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला. सगळी रक्कम आरटीजीएसनं घ्या. तोच पुढं विक्रीचा सगळ्यात भक्कम पुरावा होतो.

गाडी देण्याबद्दल. आता बयाणा घ्या, समजा २५ हजार, आणि गाडी घरीच ठेवा. एनओसी हातात आली की उरलेले पैसे, सह्या आणि गाडी एकाच दिवशी. २९ आणि ३० वर घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख स्वतःच्या समोर भरा, मग सही करा. भरलेल्या फॉर्मचे, आरसीच्या दोन्ही बाजूंचे आणि एनओसीचे फोटो काढून ठेवा.

५०० रुपयांच्या मुद्रांकावर विक्री करार करा. त्यात चासी, इंजिन नंबर, मीटरचं वाचन, रक्कम, बँकेच्या व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, दोन साक्षीदार. आणि ताबा दिल्याची नुसती तारीख नाही, वेळही लिहा. दुपारी चारला गाडी दिली आणि संध्याकाळी सहाला कागलजवळ कॅमेऱ्यानं वेग पकडला, तर चलन तुमच्या मोबाइलवर येतं. वेळ लिहिलेली असेल तर तक्रार टिकते.

मग एक काम बहुतेक विक्रेते करत नाहीत. दुसऱ्या राज्यात गाडी विकल्यावर विक्रेत्यानं ४५ दिवसांत आपल्या मूळ आरटीओला विक्री कळवायची असते, एनओसी जोडून. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० मध्ये तसं आहे. एनओसीची सत्यप्रत, फॉर्म २९ ची प्रत, आवक शिक्का घेऊन पोचपावती जपून ठेवा. आरसीवर नाव बदलेपर्यंत तुम्ही पूर्ण सुटत नाही, पण तुम्ही तुमचं कर्तव्य केलं हे त्या कागदानं दिसतं.

शिवाय १५-२० हजारांची हमी रक्कम गिऱ्हाइकाकडून जास्तीची घ्या, केए आरसीची प्रत दिली की परत करायची, असं करारात. एवढ्यानं लोक वेळेत चिकोडी गाठतात. अधूनमधून एमपरिवहन अ‍ॅपवर जुना नंबर टाकून बघत राहा.

शिरोली_नाका

जरा वेगळं विचारतो. बहीण म्युनिकला असते, ती तिची गाडी व्हिएन्नाच्या माणसाला विकतेय. तिकडं देशच वेगळा, मग तिथंही एनओसी असते का?

ठसा_नीट_घ्या

एनओसी नसते. तिथं गाडीची नोंद बंद करता येते, आपल्याकडच्यापेक्षा हाच मोठा फरक. जर्मनीत गाडीचे दोन कागद असतात. त्सूलासुंग्सबेशायनिगुंगचा भाग १ गाडीत ठेवायचा, भाग २ घरात. मालकी बदलाला लागतो तो भाग २. भाग १ आणि नंबरप्लेटा नोंदणी कार्यालयात नेल्या की प्लेटवरचा शिक्का काढून नोंद बंद करतात, ऑनलाइनही होतं. त्याच दिवशी वाहन कर थांबतो आणि जास्तीचा भरलेला परत येतो. विमा कंपनीला कळतं ते तिथूनच.

पण नोंद बंद झालेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. एक तर ऑस्ट्रियाचा माणूस ट्रेलरवर नेईल, नाहीतर निर्यातीची प्लेट काढावी लागते, आउसफूअरकेनत्साइखन. उजव्या कडेला लाल पट्टी असते, त्यावर विम्याची शेवटची तारीख छापलेली असते, आणि तेवढ्या काळासाठी तांत्रिक तपासणी मुदतीतली असावी लागते. कडेला पिवळी पट्टी असलेली पाच दिवसांची प्लेट स्वस्त पडते, पण ती सीमेपलीकडं सगळीकडं मानत नाहीत.

बहिणीनं स्वतःची नोंद चालू असलेली प्लेट लावून गाडी देऊ नये. दिलीच तर विक्रीची सूचना लगेच नोंदणी कार्यालयाला आणि विमा कंपनीला पाठवावी. करारात इथंही ताब्याची वेळ हवी. कंपनीचा सीओसी, म्हणजे गाडी युरोपीय नियमांना धरून आहे हा दाखला, मूळ द्यावा. गाडी पहिल्या नोंदणीपासून ६ महिन्यांच्या आतली किंवा ६ हजार किलोमीटरपेक्षा जास्त न चाललेली असेल तर तिला "नवी" धरतात आणि व्हॅट घेणाऱ्याच्या देशात भरावा लागतो. ऑस्ट्रियात पहिल्या नोंदणीला नोव्हा नावाचा वेगळा करही असतो. तो घेणाऱ्याचा, पण सौद्याआधी त्याला माहीत असलेला बरा.

चिकोडीरोड

मूळ प्रश्नाला एक पुरवणी. एनओसी काढून सौदा मोडला तर ती तशीच ठेवून देऊ नका. तोवर कोल्हापूरच्या नोंदीत गाडी "एनओसी दिलेली" अशी दिसते आणि नावबदल, बोजा, पत्ता यातलं काहीच इथं करता येत नाही. मूळ एनओसी जमा करून रद्द करायची असते. त्यासाठी चिकोडीहून "या एनओसीवर इथं गाडी नोंदलेली नाही" असा दाखला मागतात. म्हणून मूळ एनओसी पूर्ण पैसे खात्यावर आल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या किंवा त्याच्या एजंटच्या हातात देऊ नका. आधी मागितली तर झेरॉक्स द्या.